अनुभव धागा : योजना सर्वांसाठी आहे, मग दवाखान्याच्या दारात ती अडते कुठे?

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतील वाचकांना येथे लिहिण्याचे निमंत्रण आहे. घरात कुणाचे मोठे आजारपण निघाले तेव्हा उपचाराचा खर्च कुणी सोसला, शासनाची योजना किंवा विम्याची पॉलिसी असूनही पैसे खिशातून का गेले, आणि जिथे योजनेने खरोखर हात दिला तिथे ते कशामुळे जमले, एवढेच लिहावे.

थोडी पार्श्वभूमी सांगते. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी राज्यातील आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत मराठवाड्यातला नांदेड हा एकच जिल्हा होता. बाकीच्या सात जिल्ह्यांना २१ नोव्हेंबर २०१३ पर्यंत वाट पाहावी लागली. १ एप्रिल २०१७ पासून तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाले. पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेवर कुटुंबाला वर्षाकाठी दीड लाखाचे संरक्षण मिळे, आणि शेतकरी आत्महत्यांमुळे निवडलेल्या चौदा जिल्ह्यांत पांढऱ्या शिधापत्रिकेचे शेतकरीही पात्र धरले जात. त्या चौदांत आपले आठच्या आठ जिल्हे होते, ही काही अभिमानाने सांगण्याची गोष्ट नव्हे. पुढे २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने शिधापत्रिकेच्या रंगाची अट गेली आणि मर्यादा पाच लाखांवर आली. १ जुलै २०२४ पासून ही वाढीव योजना लागू झाली. म्हणजे कागदावर पाहिले तर आज मराठवाड्यातले जवळपास एकही कुटुंब योजनेबाहेर नाही. तरीही आजारपण निघाले की सोनाराकडे डाग गहाण पडतो, बाजारात भाव नसताना सोयाबीन विकावे लागते आणि व्याजाने पैसे उचलावे लागतात. पात्रतेचे भांडण बरेचसे मिटले आहे. आता जे मागायचे आहे ते दाराच्या आतले आहे, असे माझे मत आहे. ते चूक ठरवणारे अनुभवही अवश्य लिहा.

एक विनंती आहे. ज्या रुग्णालयाविषयी तक्रार असेल त्याचे नाव येथे लिहू नये. तक्रारीसाठी योजनेचा १५५३८८ हा क्रमांक आहे.

— धागाकर्ती, अंबाजोगाई

कळंब तालुका, शेतकरी

ताई, आपण दाराच्या आतले म्हणालात, म्हणून नेमके तेच लिहितो.

वडिलांच्या छातीत रात्री दुखू लागले. १०८ ची गाडी वेळेवर आली आणि ग्रामीण रुग्णालयाने ईसीजी काढून हृदयविकाराचा झटका असल्याचे सांगत मोठ्या शहरात हलवण्यास सांगितले, इथपर्यंत कुणाविषयीच तक्रार नाही. ज्या खासगी रुग्णालयात आम्ही गेलो ते योजनेच्या यादीत होते आणि हृदयाच्या उपचारांसाठीच होते. दाखल करताना काउंटरवरच्या मुलाने एक छापील अर्ज पुढे केला. त्यावर ‘बिलाचा प्रकार’ अशी एक ओळ होती आणि तिच्यापुढे रोख, विमा व योजना असे तीन चौकोन होते. त्याने आम्हाला काहीही न विचारता पहिल्या चौकोनात खूण केली, खाली माझी सही घेतली आणि पन्नास हजार रुपये अनामत भरण्यास सांगितले. त्या वेळी हातात वडिलांच्या चपला आणि ईसीजीचा कागद असताना कोण कुठला चौकोन वाचतो?

अँजिओप्लास्टी झाली, वडील बरे झाले. दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरील जिन्याखालच्या टेबलाशी बसलेले, योजनेचे काम पाहणारे आरोग्यमित्र दिसले. शिधापत्रिका दाखवली तेव्हा ते म्हणाले, ‘दादा, तुमचा पेशंट रोखीत नोंदलेला आहे. शस्त्रक्रिया होऊन गेल्यावर आता मंजुरी कशाची मागू?’ बिलाची रक्कम येथे लिहीत नाही. पत्नीचे गंठण आणि पोत सोनाराकडे गेली, एवढे सांगितले म्हणजे पुरे. वडील अजूनही आम्हाला विचारतात, की सरकारने पाच लाख देऊ केले होते म्हणता, मग आपण भरले ते कशाचे?

लातूर, माजी आरोग्यमित्र

कळंबच्या दादांचे लिखाण वाचून त्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूचेही सांगावेसे वाटले. मी काही वर्षे हेच काम केले आहे.

योजनेत उपचार घेण्याचा मार्ग असा आहे. रुग्ण आला की आरोग्यमित्राने शिधापत्रिका आणि ओळखपत्र पाहून त्याची संगणकावर नोंद करायची, डॉक्टरांनी तपासण्यांचे अहवाल जोडून पूर्वमंजुरी मागायची, आणि ती आली की उपचार करायचे. रुग्णाने कुठेही पैसे द्यायचे नसतात. पॅकेजमध्ये खाट, डॉक्टर, भूल, औषधे, स्टेंटसारखे साहित्य, रुग्णाचे जेवण, घरी परतण्याचे एसटीचे किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचे भाडे, आणि सुट्टी झाल्यानंतरच्या दहा दिवसांची औषधे व तपासणी हे सगळे धरलेले असते. परतीच्या भाड्याचे मी स्वतःहून सांगत असे, तेव्हा बहुतेक नातेवाईक आपली थट्टा चालली आहे असे समजून हसत.

ज्या रुग्णाची वाट पाहता येत नाही त्याच्यासाठी तातडीची वेगळी सोय आहे. फोनवरून कळवून मंजुरी घेता येते, उपचार लगेच सुरू होतात आणि कागदपत्रे ठरलेल्या मुदतीत मागाहून देता येतात. म्हणून रात्री शिधापत्रिका घरी राहिली, हे योजना नाकारण्याचे कारण होऊच शकत नाही. तरीही सर्वाधिक वेळा दिले जाणारे कारण हेच होते: ‘कार्ड काहून आणलं नाही?’

रुग्णालय असे का करते, याचे उत्तर सरळ आहे. एकाच खाटेवर रोखीचा रुग्ण असला तर दर त्यांचा आणि पैसा त्याच दिवशी. योजनेचा रुग्ण असला तर दर शासनाचा आणि पैसा दाव्याची छाननी झाल्यावर. आरोग्यमित्र हा योजनेचा माणूस असला तरी बसतो रुग्णालयाच्या छताखाली, त्यांनी दिलेल्या जागेत आणि त्यांच्याच चहावर. जिन्याखालची जागा कुणी निवडलेली असते, हे वेगळे सांगायला नको. माझे स्पष्ट मत असे आहे की दाखल करण्याच्या अर्जावर रोखीच्या चौकोनात खूण करण्यापूर्वी ‘मला योजनेची माहिती दिली गेली आणि मी ती नाकारत आहे’ असे विधान मराठीत असावे आणि त्यावर नातेवाइकाची वेगळी सही असावी. एवढ्या एका ओळीने निम्मी प्रकरणे उभीच राहणार नाहीत.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. रुग्णालय यादीत असणे वेगळे आणि तुमच्या आजारासाठी यादीत असणे वेगळे. प्रत्येक रुग्णालयाला ठरावीक विशेषज्ञ सेवांपुरतीच मान्यता असते. दारावरचा फलक पाहून मूत्रपिंडाचा रुग्ण आत जातो आणि तिथे मान्यता फक्त हाडांच्या शस्त्रक्रियांना असते.

वडवणी तालुका, आशा कार्यकर्ती

आमच्या भागातून दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात त्या कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, परतत नाहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यावर मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली. गावातल्या घरी म्हातारी माणसे आणि शाळेची लेकरे राहतात, आणि त्यांचे धान्य सुटावे म्हणून शिधापत्रिकाही त्यांच्याजवळच राहते. सांगली-कोल्हापूरच्या उसाच्या फडात बाई आजारी पडली तर तिथल्या यादीतल्या रुग्णालयातही योजना चालते, राज्यात जिल्ह्याची अट नाही. पण कार्ड इकडे, बाई तिकडे. आता मी निघण्याच्या आधी प्रत्येक जोडप्याच्या मोबाइलमध्ये शिधापत्रिकेच्या दोन्ही पानांचे आणि आधारचे छायाचित्र काढून देते, आणि झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कोयत्यांच्या गाठोड्यात बांधायला लावते. टोळी कर्नाटकात गेली तर मात्र हाही उपाय थिटा पडतो.

मला खरे लिहायचे आहे ते पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढण्याबद्दल. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला, शासनाने समिती नेमली. त्या वेळच्या सर्वेक्षणात ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. बातम्यांतून बायकांना अडाणी आणि डॉक्टरांना कसाई ठरवून सगळे मोकळे झाले. मी या बायकांच्या घरी रोज जाते, म्हणून सांगते की त्यांचा हिशेब अडाणीपणाचा नव्हता. अंगावरून पांढरे जाते, पोटात दुखते, पाळीत फडात उभे राहवत नाही, आणि खाडा झाला की त्याचा दंड. या दुखण्याला दर महिन्याला तपासणी, सोनोग्राफी आणि गोळ्या लागतात. ते सगळे खिशातून, जवळपास स्त्रीरोगतज्ज्ञ नाही, आणि हंगामात जायला सुट्टी नाही. त्यापेक्षा उचलीतून एकदाच पैसे घालून दुखणे कायमचे संपवावे, असे तिला वाटले तर त्यात नवल कसले?

म्हणून पाच लाखांचे आकडे ऐकताना मला धास्ती वाटते. दाखल होऊन शस्त्रक्रिया केली तर पैसे मिळणार, पण त्या आधीच्या दहा तपासण्यांना आणि गोळ्यांना मिळणार नाहीत, अशी जिथे मांडणी आहे तिथे शस्त्रक्रियाच स्वस्त पडते. बीडमध्ये आता गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागते, हे चांगलेच झाले. पण परवानगीने नको ती शस्त्रक्रिया थांबते, पोटातले दुखणे थांबत नाही. फडाच्या जवळ तपासणी आणि औषधे फुकट मिळणे, हे आमच्या बायकांचे विमा संरक्षण आहे.

धागाकर्ती

वडवणीच्या ताईंनी मांडलेला मुद्दा माझ्या सुरुवातीच्या विधानाला ओलांडून पुढे गेला आहे, आणि तो बरोबर आहे. देशाच्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्येही एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के लोकांच्या खिशातून गेला. दाखल न होता घेतलेल्या उपचारांविषयी आणि औषधांविषयीही लिहावे.

छत्रपती संभाजीनगर, खासगी नोकरी

माझा अनुभव विकत घेतलेल्या विम्याचा आहे. वडिलांची पॉलिसी सलग सहा वर्षे चालू होती. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेचा दावा कंपनीने फेटाळला, कारण पॉलिसी घेताना रक्तदाबाच्या गोळ्यांचा उल्लेख केलेला नव्हता. अर्ज एजंटाने भरला होता आणि वडिलांनी त्याला गोळ्या दाखवल्या होत्या, पण ते सिद्ध कसे करणार? नियम असा आहे की सलग साठ महिने पॉलिसी चालू राहिल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती लपवल्याचे कारण देऊन दावा नाकारता येत नाही. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती, २०२४ मध्ये ती पाचवर आली. कंपनीकडे लेखी तक्रार केली, महिनाभर दाद लागली नाही, तेव्हा पुण्याच्या विमा लोकपालाकडे गेलो. तिथे शुल्क नाही आणि वकिलाची गरज नाही. पैसे मिळाले.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के वस्तू व सेवा कर उठला, त्याचा आनंद आहे. पण ज्या वयात विमा लागतो त्याच वयात त्याचा हप्ता परवडेनासा होतो, ही गोष्ट करमाफीने बदललेली नाही.

किनवट, किराणा दुकानदार

मुदखेड-आदिलाबाद रेल्वेमार्ग आमच्या गावावरून जातो आणि आम्हाला नांदेडपेक्षा आदिलाबाद जवळ आहे. निजामाच्या काळापासून आमच्या लोकांची दवाखान्याची वाट हैदराबादकडची. राज्ये बदलली, वाट बदलली नाही.

आम्ही दोघे भाऊ, घर एक, चूल वेगळी. २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेत भावाच्या कुटुंबाचे नाव वंचितांच्या यादीत गेले, माझे गेले नाही. का, हे त्यालाही माहीत नाही आणि मलाही. त्यामुळे भावाकडे केंद्राचे आयुष्मान कार्ड आहे, जे दुसऱ्या राज्यातल्या यादीतील रुग्णालयातही चालते, आणि माझे संरक्षण राज्याच्या योजनेतले आहे, जे हद्दीपाशी संपते. वहिनींच्या मणक्याची शस्त्रक्रिया हैदराबादला एक पैसा न देता झाली. माझ्या मुलाच्या अपघातानंतर त्याच शहरातील बिल भरण्यासाठी रस्त्यालगतची जमीन विकली. नांदेडला का नेले नाही, असे विचारणाऱ्यांनी रात्री किनवटहून नांदेडपर्यंत डोक्याला मार लागलेले लेकरू घेऊन एकदा जावे.

हद्दीलगतच्या तालुक्यांना शेजारच्या राज्यातील रुग्णालयांत राज्य योजनेचा लाभ मिळाला पाहिजे, एवढीच माझी मागणी आहे. देगलूर, बिलोली, उदगीर, उमरग्याच्या लोकांनाही ती आपलीच वाटेल.

एका तालुक्याच्या ठिकाणचे डॉक्टर, जालना जिल्हा

लातूरच्या आरोग्यमित्रांनी रुग्णालयाच्या बाजूचे जे कारण दिले ते खरे आहे, पण अपुरे आहे. माझे छोटे रुग्णालय काही काळ योजनेत होते. ज्या शस्त्रक्रियेला मला स्वतःला जितका खर्च येई, त्याच्या आसपासच पॅकेजचा दर होता, आणि भूलतज्ज्ञ मात्र शहरातून येणारे आणि रोख घेणारे. दाव्यांवर शेरे येत, एखादा क्ष-किरण पुसट दिसतो म्हणून फाइल परत येई, आणि मधल्या काळात परिचारिकांचा पगार थांबवता येत नसे. मोठ्या शहरातली रुग्णालये हा भार शंभर खाटांवर पसरवतात. माझ्यासारखा माणूस बाहेर पडतो, आणि मग तालुक्यात योजनेचे रुग्णालयच उरत नाही. गरिबांच्या नावाने दर कमी ठेवायचे आणि गरिबाला शंभर किलोमीटर लांब पाठवायचे, यातून काय साधते ते मला कळत नाही.

सरकारी रुग्णालयांविषयी एक माहिती येथे द्यावीशी वाटते. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सर्व संस्थांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, तपासणी, उपचार आणि केसपेपरही विनाशुल्क आहे. तिथे कुठल्याही कार्डाची गरज नाही.

सेनगाव तालुका, अंगणवाडी सेविका

चांगला अनुभव लिहिते. शाळा-अंगणवाडी तपासणीचे वैद्यकीय पथक आमच्या अंगणवाडीत आले असता एका मुलीच्या छातीला नळी लावून डॉक्टर बराच वेळ ऐकत राहिले. हृदयाला छिद्र निघाले. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून तिचा टू-डी इको आणि पुढे मुंबईला शस्त्रक्रिया झाली, घरच्यांचा खर्च फक्त तिथल्या राहण्या-खाण्याचा झाला. हे जमले त्याचे कारण असे की रुग्णाला योजना शोधावी लागली नाही. पथक चालत गावात आले, त्यांनीच कागद केले आणि त्यांनीच तारीख कळवली. पोरगी आता पहिलीत आहे आणि फार खोड्या करते.

वाळूज, कंत्राटी कामगार

आमच्या पगारातून राज्य कामगार विम्याचे ०.७५ टक्के कापले जातात आणि मालकाने ३.२५ टक्के भरायचे असतात. एकवीस हजारांपर्यंत वेतन असलेल्यांना ही सोय आहे, आणि तिची खरी किंमत अशी की त्यात बाह्यरुग्ण उपचार, औषधे आणि आजारपणाच्या रजेचा भत्तासुद्धा आहे, जो वरच्या कुठल्याही योजनेत नाही. माझ्या आईला दाखवायला नेले तेव्हा कळले की कंत्राटदाराने कपात केली होती, पण भरणा केला नव्हता. पगारपत्रकावर कपात स्पष्ट छापलेली आणि विम्याच्या नोंदीत माझ्या नावापुढे कोरी जागा.

कंत्राटदाराशी वाद घालण्यात अर्थ नसतो, तो दुसऱ्या महिन्याला नाव बदलून येतो. कायद्याने कंत्राटी कामगारांच्या अंशदानाची पहिली जबाबदारी मूळ मालकाची आहे. आम्ही काही जणांनी मिळून पगारपत्रकांच्या प्रती जोडून कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला आणि विमा महामंडळाच्या कार्यालयाला एकाच दिवशी पत्र दिले, तेव्हा भरणा झाला. प्रत्येकाने आपल्या विमा क्रमांकावर दर महिन्याची नोंद मोबाइलवर पाहावी. आजारी पडल्यावर पाहून उपयोग नाही.

परभणी जिल्हा, गृहिणी

माझ्या यजमानांचे डायलिसिस योजनेतून मोफत होते. त्याबद्दल मी शासनाचे आणि तिथल्या परिचारिकांचे उपकारच मानते. तरी लिहिते, कारण मोफत उपचारालाही आमचे घर पुरे पडेनासे झाले आहे.

डायलिसिसच्या दिवशी आम्ही पहाटेच्या एसटीने निघतो. २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट झाले, तेवढा माझा भार हलका झाला. चार तास सुई, नंतर तासभर त्यांना उभे राहवत नाही, आणि दुपारची गाडी चुकली की संध्याकाळ. त्या दिवशी त्यांचा रोज बुडालेला असतोच, माझाही बुडतो. खुरपणीच्या दिवसांत गुत्तेवाली बाई म्हणते, ‘तू एक दिवस येतीस अन् दोन दिवस येत न्हाईस, तुला घेऊ कशी?’ रक्तवाढीचे इंजेक्शन कधी तिथे मिळते, कधी बाहेरून आणावे लागते. रक्तदाबाच्या आणि हाडांच्या गोळ्या कायमच्या बाहेरच्या. जनऔषधी केंद्रातून घेतल्या तर स्वस्त पडतात, पण ते केंद्रही जिल्ह्याच्या गावी, म्हणून डायलिसिसच्या दिवशीच तिथेही पळावे लागते.

वडवणीच्या ताईंचे लिखाण लेकीने मला वाचून दाखवले. त्यांनी म्हटले तसेच आहे. शस्त्रक्रिया एकदाची असते. आमचा आजार दर आठवड्याचा आहे. यंत्र तालुक्याच्या रुग्णालयात बसले तर आमचे अर्धे आजारपण कमी होईल.

धाराशिव, सामाजिक कार्यकर्ता

मागण्या पुष्कळ झाल्या, त्या कुठे आणि कशा मांडायच्या याचा एक जुना अनुभव सांगतो. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ साली लोकाधारित देखरेख व नियोजन ही प्रक्रिया राज्यातील पाच जिल्ह्यांत सुरू झाली. अमरावती, नंदुरबार, पुणे, ठाणे यांच्याबरोबर आमचा तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा त्यात होता. गावातल्या लोकांनी आपल्या आरोग्य केंद्राचे प्रगतिपत्रक भरायचे, त्यात हिरवा, पिवळा किंवा लाल शेरा द्यायचा, आणि मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ते वाचून दाखवायचे. मी त्या जनसुनवायांत बसलो आहे. बाहेरून औषधाची चिठ्ठी दिल्याची तक्रार करणारी म्हातारी जेव्हा पदरात बांधलेली चिठ्ठीच सोडून टेबलावर ठेवते, तेव्हा वैद्यकीय अधिकाऱ्याला ‘चौकशी करू’ म्हणण्याची सोय उरत नाही. काही केंद्रांतून चिठ्ठ्या खरोखरच बंद झाल्या.

जन आरोग्य योजनेसाठी अशी जनसुनवाई तालुकावार व्हावी, आणि तिथे यादीतील खासगी रुग्णालयांनाही बोलवावे, असे मला वाटते. दर महिन्याला किती रुग्ण दाखल झाले, त्यांपैकी किती योजनेतून आणि किती रोखीने, एवढे तीन आकडे प्रत्येक रुग्णालयाने दर्शनी भागात लावले, तर कळंबच्या दादांचा चौकोन आपोआप उघडा पडेल. ग्रामसभेचा ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांकडे ही मागणी करता येते. आमच्याकडच्या काही गावांत त्याचा मसुदा तयार आहे, कुणाला हवा असल्यास देईन.

पुण्या-सोलापूरला रुग्ण नेणाऱ्यांसाठी आणखी एक माहिती. धर्मादाय न्यासांच्या रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेली ही योजना आहे आणि अशा रुग्णांकडून अनामत मागण्यास तिच्यात मनाई आहे. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. आजारपणात सेतू केंद्रापुढे रांग लावायला कुणाला वेळ असतो?

उमरगा, शिक्षक

सत्तर वर्षांवरील सर्वांना उत्पन्नाची अट न ठेवता पाच लाखांचे वेगळे आयुष्मान वय वंदना कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून मिळते, असे कळल्याने आईचे कार्ड काढायला गेलो. आईला १९४८ चे पोलिस ॲक्शन चांगले आठवते. रझाकारांच्या भीतीने मामाच्या गावी जाऊन राहिल्याचे ती सांगते. म्हणजे ती ऐंशीच्या पुढे आहे यात शंका नाही. आधारवर मात्र तिची जन्मतारीख १ जानेवारी १९६० आहे, कारण शिबिरात नोंदणी करणाऱ्या मुलाने ती अंदाजाने टाकली. आई शाळेत गेली नाही, जन्मनोंद नाही. अशांनी काय करावे?

लातूर, माजी आरोग्यमित्र

सर, वय वंदना कार्ड फक्त आधारवरील वयावर मिळते, त्यामुळे आधी तिथली दुरुस्ती करावी लागेल आणि तिला पुरावा लागेल. आईंच्या जन्मगावची कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची, नोंद तहसीलमध्ये मिळते का ते पाहा; निजामकाळातील काही नोंदी मोडीत किंवा उर्दूत आहेत, तेव्हा वाचणारा माणूस सोबत न्या. त्या नोंदीवरून जन्माच्या दाखल्याची प्रक्रिया करता येईल. तोपर्यंत आईंना उपचार लागले तर कुटुंबाच्या शिधापत्रिकेवरील पाच लाखांची राज्य योजना त्यांना आजही लागू आहे, तिला वयाची अट नाही. मात्र शिधापत्रिकेत त्यांचे नाव आहे आणि आधारवरील नावाशी ते जुळते, एवढे या आठवड्यात पुरवठा शाखेत जाऊन पाहून घ्या.